धूर कुणाच्या खात्यावर मांडायचा?

३० सप्टेंबर २०२४ या एका दिवसात ब्रिटनमध्ये दोन आगी विझल्या. नॉटिंगहॅमशायरमधलं रॅटक्लिफ-ऑन-सोर हे देशातलं शेवटचं कोळशावरचं वीजकेंद्र त्या दिवशी बंद झालं. १८८२ साली लंडनमध्ये हॉबर्न व्हायाडक्टजवळ कोळसा जाळून लोकांना वीज पुरवायला सुरुवात झाली होती. १४२ वर्षांनी ती परंपरा संपली. आणि त्याच दिवशी वेल्समधल्या पोर्ट टॅलबटला टाटा स्टीलने आपली उरलेली एकमेव झोतभट्टी, म्हणजे कोळशाच्या आधारे खनिजातून लोखंड वितळवणारी भट्टी, थंड केली.

ब्रिटनच्या दरडोई कार्बन उत्सर्जनाच्या तक्त्यात या दोन घटना सारख्याच दिसतात. दोन्हींमुळे आकडा खाली येतो. प्रत्यक्षात त्या अगदी वेगळ्या आहेत. रॅटक्लिफची वीज गेली, पण तिची जागा घ्यायला समुद्रातल्या पवनचक्क्या, वायूवरची केंद्रं आणि अणुभट्ट्या उभ्या होत्या. दिवे चालू राहिले आणि कोळशाचा धूर खरोखर नाहीसा झाला. पोर्ट टॅलबटची झोतभट्टी गेली, पण ब्रिटनची पोलादाची गरज काही गेली नाही. तिथे भंगार वितळवणारी विजेची भट्टी उभी राहीपर्यंत कच्च्या पोलादाच्या लाद्या नेदरलँड्समधून आणि भारतातून आणायच्या, असं कंपनीने ठरवलं. नवी भट्टी सुरू झाली की वर्षाला सुमारे ५० लाख टन कार्बन डायऑक्साइड वाचेल असं कंपनी सांगते, आणि भंगारापासून पोलाद करण्याचा तो मार्ग खराच स्वच्छ आहे. तोवर मात्र या दुसऱ्या धुराने फक्त पत्ता बदललेला आहे.

युरोपातल्या देशांचे दरडोई आकडे शेजारी शेजारी मांडले की मला प्रत्येक रेषेत या दोन आगी दिसतात. कुठे धूर नाहीसा झाला, कुठे तो दुसऱ्याच्या अंगणात गेला, आणि बहुतेक ठिकाणी दोन्ही थोडं थोडं झालं.

आधी आकडे पाहू. १९९० साली एका ब्रिटिश माणसामागे वर्षाला साधारण १०.५ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जात होता. आता तो ४.५ टनांच्या आसपास आहे. जर्मनी १३ टनांवरून ७ वर आला. फ्रान्स ७ वरून ४ च्या थोडा वर, स्वीडन ६.७ वरून ३.५ च्या आसपास, पोलंड १० वरून ७ ते ७.५ वर. जगाची सरासरी ४.७ टन आहे आणि भारताची २ टनांहून किंचित जास्त. देशाच्या हद्दीत जाळलेला कोळसा, तेल आणि वायू, आणि सिमेंट करताना निघणारा कार्बन डायऑक्साइड, एवढंच यात धरलेलं आहे. जंगलतोड, शेती, गुरं यांचा हिशेब वेगळा.

असे आकडे निघाले की आपल्याकडे एक उत्तर ठरलेलं असतं. त्यांनी कारखाने चीनला धाडले, धूर तिकडे गेला, आणि आता ते आपल्याला उपदेश करतात. हे उत्तर अर्धंच खरं आहे, आणि अर्ध्या सत्यावर देशाची भूमिका उभी करणं मला धोक्याचं वाटतं. कारण उरलेल्या अर्ध्यात आपल्या कामाचं बरंच काही आहे.

फ्रान्स घ्या. १९७३ च्या सुमारास फ्रान्सचं दरडोई उत्सर्जन १० टनांच्या आसपास होतं. त्या वर्षी अरब देशांनी तेलाचा पुरवठा आवळला, भाव चौपट झाले, आणि ज्या देशाकडे स्वतःचं तेल नाही, वायू जेमतेम, कोळसा संपत आलेला, त्याची झोप उडाली. १९७४ मध्ये पंतप्रधान पिएर मेस्मेर यांनी अणुवीजकेंद्रांचा प्रचंड कार्यक्रम जाहीर केला. पंधरा वर्षांत देशाची बहुतेक वीज अणुभट्ट्यांतून येऊ लागली आणि दरडोई आकडा ७ टनांच्या आसपास उतरला. तोवर हवामानबदलावरचा पहिला जागतिक करारही झालेला नव्हता. फ्रान्सच्या डोक्यात कार्बन नव्हताच. परक्याच्या तेलावर देश टांगून ठेवायचा नाही, एवढाच विचार त्यामागे होता. आजही १९९० पासूनची फ्रान्सची घट इतरांच्या मानाने कमी दिसते, कारण त्याचं मोठं काम शर्यतीची शिट्टी वाजण्याआधीच झालेलं होतं. मोजणी कुठल्या वर्षापासून सुरू करायची यावर कोण हुशार आणि कोण मठ्ठ दिसणार हे ठरतं, आणि १९९० हे वर्ष ब्रिटन-जर्मनीला चांगलंच मानवलं आहे.

स्वीडनची कथा याच्याच जवळची. १९७० मध्ये तिथे माणशी ११ टनांहून जास्त उत्सर्जन होतं, कारण त्या गोठवणाऱ्या देशातली घरं तेल जाळून उबदार ठेवली जात. तेलसंकटानंतर नद्यांवरच्या जुन्या जलविद्युतकेंद्रांना १९७२ ते १९८५ या काळात बारा अणुभट्ट्यांची जोड मिळाली. घरांसाठी नगरपालिकांनी शहराखालून गरम पाण्याच्या नळांचं जाळं वाढवत नेलं. एका ठिकाणी पाणी तापवायचं आणि ते हजारो घरांना पुरवायचं. या रचनेचा मोठा फायदा असा, की इंधन बदलायचं तर प्रत्येक घराचं दार ठोठवावं लागत नाही, एक बॉयलर बदलला की पुरतं. त्यामुळे १९९१ साली कार्बन कर, म्हणजे इंधन जाळून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवरचा कर, आला, टनाला २५० क्रोनर, तेव्हा लोकांपुढे दुसरा मार्ग तयार होता. शिवाय त्याच सुमारास आयकर मोठ्या प्रमाणात कमी केला गेला. कर वाढत वाढत आज १,२०० क्रोनरच्या पुढे गेला आहे, आणि तिथे त्यावरून दंगली झालेल्या नाहीत.

फ्रान्समध्ये झाल्या. २०१८ च्या नोव्हेंबरात पिवळी जाकिटं घातलेली माणसं चौकाचौकांत उतरली. डिझेलवरचा कार्बन कर टनामागे ४४.६ युरो झाला होता आणि पुढच्या वर्षी तो ५५ होणार होता. ज्या अणुविजेने फ्रान्सचा आकडा खाली आणला ती वीज गावाकडच्या माणसाच्या डिझेल गाडीत भरता येत नव्हती. त्याच्या गावातली रेल्वे बंद झालेली, दवाखाना, पोस्ट दूर गेलेलं, आणि सरकार त्याला सांगतंय की गाडी महाग पडेल तशी ती कमी वापर. सरकारला वाढ मागे घ्यावी लागली. दोन देश, एकच कर, आणि एवढा फरक. पर्याय आधी उभा करायचा आणि कर नंतर लावायचा, हा क्रम स्वीडनने पाळला आणि फ्रान्सने उलटा केला, असं माझं वाचन आहे.

घट कुणाच्या पाठीवर लादली गेली हा प्रश्न ब्रिटन आणि जर्मनीच्या बाबतीत जास्तच टोचतो. ब्रिटनमधला कोळसा हवामानासाठी गेला नाही. १९८४-८५ मध्ये खाणकामगारांचा वर्षभराचा संप मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने मोडून काढला, खाणी बंद होत गेल्या, मग वीजक्षेत्राचं खासगीकरण झालं आणि नव्या कंपन्यांनी उत्तर समुद्रातल्या स्वस्त वायूकडे धाव घेतली. नव्वदच्या दशकातली ब्रिटनची घट ही बहुतांशी त्याची करणी. दक्षिण वेल्स आणि यॉर्कशायरच्या खाणगावांनी त्याची किंमत मोजली, आणि त्या गावांचं दारिद्र्य अजून सरलेलं नाही. पुढचा टप्पा मात्र जाणूनबुजून घेतलेला आहे. २००८ मध्ये संसदेने हवामानबदल कायदा केला आणि दर पाच वर्षांसाठी उत्सर्जनाची बांधील मर्यादा ठरवण्याची पद्धत घातली. २०१३ पासून वीजकेंद्रांच्या कार्बनवर वाढीव किंमत लावली. २०१२ मध्ये ४० टक्क्यांच्या आसपास वीज कोळशाची होती. ती बारा वर्षांत शून्यावर आली. एवढ्या मोठ्या औद्योगिक देशात इतक्या कमी काळात असं दुसरीकडे कुठे झालेलं मला माहीत नाही.

जर्मनीच्या रेषेतला पहिला मोठा उतार म्हणजे एका देशाचा अंत आहे. पूर्व जर्मनीत १९८९ साली सुमारे ३० कोटी टन लिग्नाइट, म्हणजे हलक्या प्रतीचा तपकिरी कोळसा, खणलं जात होतं. एकीकरणानंतर काही वर्षांतच ते एक-तृतीयांशाच्याही खाली गेलं, कारण ते जाळणारे कारखानेच बुडाले. लाखो लोक बेकार झाले. कागदावर हवामानधोरणाचं यश म्हणून जे दिसतं त्यात हे सगळं मिसळलेलं आहे. सौर आणि पवनऊर्जेवर जर्मनीने २००० सालापासून जो पैसा ओतला त्याचं मोल मी कमी करत नाही. त्या खरेदीमुळेच सौरपट्ट्या जगभर स्वस्त झाल्या आणि त्याचा लाभ आज राजस्थानातल्या प्रकल्पांनाही मिळतो. पण हाताशी असलेल्या शेवटच्या तीन अणुभट्ट्या १५ एप्रिल २०२३ ला बंद करायच्या आणि त्याच वर्षाच्या जानेवारीत लिग्नाइटच्या खाणीसाठी ल्युट्सेराथ हे गाव पोलिसांकरवी रिकामं करायचं, हा क्रम मला आजही पटत नाही. आधी कोळसा जायला हवा होता.

पोलंडला युरोपचा खोडकर मुलगा ठरवण्याची तिकडे सवय आहे. बेल्खातूफचं लिग्नाइटवरचं केंद्र, क्षमता ५,००० मेगावॉटच्या आसपास, युरोपातलं सर्वांत मोठं. पण पोलंडने खाणकामगारांशी जे केलं ते ब्रिटनने केलं नव्हतं. २०२१ मध्ये सरकार आणि कामगार संघटनांनी बसून लेखी करार केला, कुठली खाण कधी बंद होणार याचं वेळापत्रक २०४९ पर्यंत आखलं. ते फार लांबचं आहे, आणि बाजार त्याच्या आधीच कोळशाला बाहेर काढेल अशी चिन्हं आहेत. घरांच्या छपरांवर सौरपट्ट्या पसरल्या आहेत, क्राकूव शहराने १ सप्टेंबर २०१९ पासून घरात कोळसा आणि लाकूड जाळायला बंदी घातली आहे, आणि दरडोई आकड्यात पोलंड आज जर्मनीच्या जवळपास बरोबरीला आलेला आहे. उशिरा का होईना, पण माणसांना विचारून चाललेला हा देश मला या यादीत आदराचा वाटतो.

या सगळ्यांत समान काय? वीज. जिथे जिथे आकडा जोरात पडला तिथे तो वीजकेंद्रांत आणि मोठ्या बॉयलरांत पडला. माणसांनी आपल्या सवयी बदलल्या म्हणून तो क्वचितच पडला. युरोपीय संघात वाहतुकीचं उत्सर्जन १९९० च्या मानाने आज वरच आहे. म्हणून दरडोई हा शब्द इथे थोडा फसवा ठरतो. त्यातून असा भास होतो की स्वीडनचा माणूस जर्मन माणसापेक्षा निम्म्या साधेपणाने राहतो. तो तसा राहत नाही. त्याच्या भिंतीतल्या वायरच्या दुसऱ्या टोकाला धबधबा आणि अणुभट्टी आहे, जर्मनाच्या टोकाला अजून थोडा कोळसा आहे.

आणि वही कुठल्या कुंपणाने आखली आहे त्यावरही आकडा हलतो. लक्झेंबर्गमध्ये पेट्रोल-डिझेलवरचा कर कमी, म्हणून शेजारच्या देशांतले ट्रकचालक तिथे टाक्या भरून घेत आले. इंधन जिथे विकलं तिथे त्याचा धूर मोजायचा असा नियम असल्यामुळे त्या चिमुकल्या देशाचा दरडोई आकडा वर्षानुवर्षं युरोपात सर्वांत वरच्यांत राहिला. १९९६ साली नॉर्वे-स्वीडनमध्ये पाऊस कमी झाला, जलाशय आटले, तेव्हा डेन्मार्कच्या कोळशाच्या केंद्रांनी त्यांना वीज पुरवली. त्या वर्षी डेन्मार्कचा आलेख एकदम उसळलेला दिसतो. वीज वापरली एकाने, डाग लागला दुसऱ्याला. यॉर्कशायरमधलं ड्रॅक्स वीजकेंद्र पूर्वी कोळसा जाळायचं, आता मुख्यतः अमेरिका-कॅनडातून जहाजाने आणलेल्या लाकडाच्या गोळ्या जाळतं. त्या चिमणीतून निघणारा कार्बन ब्रिटनच्या ऊर्जेच्या हिशेबात शून्य धरतात, कारण तो झाड तोडलं त्या देशाच्या जमिनीच्या खात्यात जातो. नॉर्वेत २०२४ साली विकलेल्या दर दहा नव्या गाड्यांतल्या जवळजवळ नऊ विजेवरच्या होत्या, पण त्याच देशाने विकलेलं तेल आणि वायू जिथे जळतं तिथल्या खात्यावर चढतं. आणि मुंबईहून लंडनला उडालेल्या विमानाचा धूर भारताच्याही राष्ट्रीय बेरजेत नाही, ब्रिटनच्याही नाही.

आता त्या ठरलेल्या उत्तराकडे परत येऊ, कारखाने चीनला धाडल्याच्या. हे मोजता येतं. आयात केलेल्या वस्तूंमधला कार्बन मिळवायचा, निर्यातीतला वजा करायचा, की उपभोगाचा आकडा निघतो. त्या हिशेबाने ब्रिटनचा आकडा देशांतर्गत आकड्याहून बराच मोठा होतो. स्वीडिश लोकांच्या उपभोगामुळे होणाऱ्या उत्सर्जनाचा निम्म्याहून अधिक भाग स्वीडनबाहेर होतो, स्वित्झर्लंडचा तर सुमारे दोन-तृतीयांश. म्हणजे तक्रारीत तथ्य आहे. पण उपभोगाच्या रेषाही खाली आल्या आहेत. ब्रिटनची, फ्रान्सची, जर्मनीची, स्वीडनची. उतार कमी, पण दिशा तीच. वीज स्वच्छ झाली की देशात बनणारं आणि देशात वापरलं जाणारं सगळंच थोडं स्वच्छ होतं. त्यामुळे ‘सगळं ढोंग आहे’ असं म्हणून आपल्याला सुटता येत नाही.

माझा आक्षेप दुसरीकडे आहे. युरोपीय संघाने १ ऑक्टोबर २०२३ पासून सीमेवरच्या कार्बन कराची नोंदणी सुरू केली, आणि १ जानेवारी २०२६ पासून तो प्रत्यक्ष लागू झाला. व्यापारात त्याला सीबॅम म्हणतात. लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं, हायड्रोजन आणि वीज बाहेरून आणायची तर त्यांच्या निर्मितीत किती कार्बन निघाला ते दाखवायचं आणि त्यासाठी प्रमाणपत्रं विकत घ्यायची. भारतातलं पोलाद बव्हंशी कोळशावर होतं, म्हणून टनामागे त्यात कार्बन जास्त, म्हणून भारही जास्त. युरोपचं म्हणणं असं, की आमचे कारखाने २००५ पासून कार्बनची किंमत मोजतात. बाहेरचा माल फुकट आला तर आमचा कारखाना बंद पडेल आणि धूर तेवढाच राहील. हे म्हणणं मला रास्त वाटतं. पोर्ट टॅलबट पाहिल्यावर ते नाकारता येत नाही.

पण मग त्या म्हणण्याचा धागा शेवटपर्यंत ओढायला हवा. वस्तूच्या पोटातला कार्बन जर सीमेवर कर घेण्याइतका खरा असेल, तर तो वस्तू वापरणाऱ्याच्या वार्षिक हिशेबात लिहिण्याइतकाही खरा असला पाहिजे. कर गोळा करताना उपभोगाचा हिशेब आणि शाबासकी घेताना हद्दीचा हिशेब, अशा दोन वह्या एका दुकानात चालत नाहीत. युरोपातल्या प्रत्येक सरकारने दोन्ही आकडे दरवर्षी सारख्याच ठळकपणे जाहीर करावेत आणि लक्ष्यं दोन्हींवर ठेवावीत. हे अशक्य नाही. २०२२ मध्ये स्वीडनमधल्या सर्वपक्षीय संसदीय समितीने उपभोगातल्या उत्सर्जनावरही लक्ष्य ठेवावं अशी शिफारस केली होती. आणि सीमेवर जमा होणारा पैसा ज्या देशांच्या मालावर तो बसला त्यांच्या भट्ट्या बदलायला परत जावा. जर्मनीने आजवर हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडची बेरीज ९० अब्ज टनांच्या वर जाते, भारताची ६० अब्जांच्या आसपास. जर्मनीची लोकसंख्या साडेआठ कोटींच्या आत आहे आणि आपली १४० कोटींच्या वर. ही बेरीज समोर ठेवून तो पैसा युरोपच्या तिजोरीत ठेवून घेणं न्यायाचं नाही.

आपल्यालाही काही करावं लागेल. मूळ देशात कार्बनची किंमत मोजली असेल तर सीबॅममधून तेवढी वजावट मिळते. म्हणजे आपल्या पोलादावरचा कर आपण इथे घेतला तर तो पैसा इथल्याच भट्ट्यांवर खर्च करता येईल. कमी कार्बन सोडणाऱ्या कारखान्याने आपली बचत जास्त सोडणाऱ्याला विकायची, अशी कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना केंद्राने २०२३ मध्ये अधिसूचित केली आहे. तिला दात फुटले पाहिजेत. आणि आपल्या २ टनांच्या सरासरीमागे लपणंही सोडावं लागेल. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. त्याची वीज राज्यभर जाते, पुण्या-मुंबईच्या एसींनाही पुरते, आणि राख चंद्रपूरच्या माणसाच्या फुप्फुसात. युरोपकडे वापरणाऱ्याच्या नावाने हिशेब मागायचा तर तोच हिशेब मुंबईने चंद्रपूरला द्यायला हवा. हे मान्य केल्याशिवाय आंतरराष्ट्रीय बैठकीत आपल्या आवाजाला वजन येणार नाही.

पोर्ट टॅलबटची विजेची भट्टी २०२७ च्या अखेरीस किंवा २०२८ च्या सुरुवातीला पेटेल असा अंदाज आहे. तोवर भारतातून तिकडे गेलेल्या लाद्यांपासून गाड्यांचे पत्रे, धुलाईयंत्रांची अंगं आणि खाद्यपदार्थांचे डबे होतील, आणि त्यांतले बरेचसे ब्रिटनच्याच घरांत जातील. ब्रिटनने स्वतःचा सीमेवरचा कार्बन कर १ जानेवारी २०२७ पासून लावायचं जाहीर केलं आहे. म्हणजे त्या तारखेनंतर आपल्या लाद्यांमधला कार्बन ब्रिटिश बंदरात मोजला जाईल, त्याचे पैसे ब्रिटिश खजिन्यात जमा होतील, आणि वर्षाअखेरीस तोच कार्बन १४० कोटी भारतीयांच्या नावावर लिहिलेला असेल.